इंदूबाईंची बेगमी

फुलसावंगीच्या इंदूबाईंनी पाहुण्यापासून कधी काही लपवलं नाही, आणि त्या वर्षी तेच नडलं.

बोंडअळीनं कपाशी पोखरली तेव्हा घरोघर पाहणी झाली. ज्यांच्या घरात दाणा नाही, त्यांना पावसाळाभर धान्य मिळणार होतं. पाहणीवाला साहेब आला. इंदूबाईंनी त्याला चहा पाजला आणि हौसेनं आतल्या खोलीतली मडकी उघडून दाखवली. राखेत घोळलेली तूर, मूग, ज्वारी. वर कडुलिंबाचा पाला. कपाशीच्या दर आठ ओळींमागे दोन ओळी तुरीच्या, हा हट्ट या बाईनं पस्तीस वर्षं, आधी नवऱ्याशी, मग मुलाशी भांडून, चालवला होता. साहेबानं लिहिलं, ‘धान्य शिल्लक.’ यादीतून नाव गेलं.

सून रुपाली बी.ए. झालेली, दोन लेकरांची आई. पिठाच्या डब्यात हात घातला की ते अजून किती दिवस पुरेल, हे ती बोटांवर मोजायची.

पेरणीच्या तोंडावर तोच साहेब ग्रामपंचायतीत बायकांना शिकवायला आला. फळ्यावर ‘दीर्घकालीन नियोजन’ लिहून म्हणाला, “तुम्हा लोकांत हेच नाही. उद्याचा विचारच करत नाही.”

“सायेब,” इंदूबाई म्हणाल्या, “मडक्यात बियाणं हाय. ते खाल्लं तं पेरू काय?”

“मग संपवा, आजी, आणि पुन्हा अर्ज करा.”

“चहा तं पेऊन गेलता,” मागून शेजारची हंसाबाई पुटपुटली.

रुपालीला राहवेना. ती उठली. “साहेब, या नियोजनाला आमच्याकडे जुना शब्द आहे. बेगमी. फारसीतून आला. बे म्हणजे विना, गम म्हणजे दुःख, काळजी. मुळात बेगमी म्हणजे निश्चिंतपणा. मराठीत तिचा अर्थ पुढची तरतूद असा झाला, कारण घरात दाणा असला तरच माणूस निश्चिंत. तुम्ही तिलाच शिल्लक म्हणालात.”

साहेबानं घड्याळ पाहिलं. “पुढचा मुद्दा घेऊ.”

यादी बदलली नाही.

घरी येताच रुपालीनं विचारलं, “आत्याबाई, मूठभर तूर काढू? लेकरांच्या वरणाले.”

“मूग काढ. तुरीले हात नोको लावू, बियाण्याची हाय.” मग इंदूबाई हसल्या. “अन् निश्चिंत कायची वं? काळजी हाय म्हणून तं साठवून राह्यलो.”

पेरणीला रुपालीनं ओटीत तूर घेतली. घरी वरण पातळच होतं. कपाशीच्या आठ ओळी टोबून झाल्या की ती दोन ओळी तुरीच्या टोबायची, आणि प्रत्येक वळणावर साहेबाला मनातल्या मनात एक शिवी घालायची.