एका कॅटचा डाव आणि सहा कॅटांचा

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे, सोनईला प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते महिनाभर नगरला आमच्याकडे राहिले, ते नव्वदचं दशक संपता संपता. मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. संभाव्यतेच्या तासाला वर्ग पेंगायचा. नवी उदाहरणं मिळावीत म्हणून मी सावेडीतल्या इंटरनेट कॅफेत जाऊ लागले आणि तिथे मला ब्लॅकजॅक सापडला.

पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही, असा हा खेळ. दोन साइटवर तो पैसे न लावता खेळून बघता यायचा. एक साइट एकाच कॅटने खेळायची, दुसरी सहा कॅट एकत्र पिसून. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता किंवा चित्र आलं की तो ब्लॅकजॅक. त्याला सहा कॅटवाली साइट लावलेल्या रकमेच्या दीडपट द्यायची, एका कॅटवाली नुसती रकमेएवढीच. यातला कुठला खेळ कमी तोट्याचा? मी नियम वहीत उतरवून घरी आणले.

मामांना पत्त्यांचा तिटकारा. शाळेच्या मागे पोरं तीनपत्ती खेळताना सापडली, तेव्हा त्यांनी अख्खा कॅट विहिरीत टाकला होता. म्हणून मी वही लपवून ठेवली; पण चष्मा शोधताना ती त्यांच्याच हाती लागली. मी भीतभीत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर म्हणाले, "एक कॅट घिऊन ये. पत्ते बघितल्याबगर हिशोब पटायचा न्हाई."

सतरंजीवर बसून त्यांनी चार एक्के एकीकडे काढले, दहाचे आणि चित्रांचे सोळा पत्ते दुसरीकडे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी गुणाकार मांडला. साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक. सहा कॅटांचं केलं, तरी जवळपास तेवढंच. म्हणजे एका कॅटवाल्या साइटवर दर एकवीस डावांमागे एका डावावर लावलेल्या रकमेचा अर्धा भाग हातचा जात होता. पत्ते कमी असले की खेळणाऱ्याला थोडा फायदा होतो; एका कॅटचा तो फायदा मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर चार दिवस खपून काढला. तो या तोट्यापुढे फारच कमी निघाला.

वर्गात मी प्रश्न घातला, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी एकच कॅट निवडला. जामखेडची एक मुलगी तेवढी म्हणाली, "मॅडम, आधी बक्षिसाचं बघायला पाहिजे." मामा मागच्या बाकावर बसले होते, त्या दिवशी मीच त्यांना आग्रहाने नेलं होतं. मी त्यांना फळ्याकडे बोलावलं. ते कधी कॉलेजात शिकले नव्हते. पण खडू घेऊन त्यांनी सगळं उदाहरण न चुकता सोडवलं. अक्षर चौथीच्या वर्गाला काढतात तसं, मोठं आणि गोल.

"दोन्हीकडं आपनच हरनार," ते शेवटी म्हणाले. "यकीकडं लौकर, यकीकडं सावकाश. त्यापरीस खेळायचंच न्हाई, हे तिसरं उत्तर." वर्ग हसला, पण बहुतेकांनी ते वहीत लिहून घेतलं.

तास संपल्यावर ती जामखेडची मुलगी त्यांच्याशी बोलत उभी राहिली. मग मी आणि मामा कँटीनमध्ये गेलो. मामांनी दोन कप चहा घेतला आणि दुसरा पिताना पुढच्या तासाला काय शिकवणार आहेस, असं विचारलं.