पूजेसाठी बंद केलेले स्विच

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात यंत्रे फार काळ एका जागी राहत नाहीत. नवी ऑर्डर आली की लेथ दुसऱ्या शेडमध्ये जातो, तपासणीचे टेबल सरकते आणि त्यांच्यामागे संगणकांचे जाळेही बदलावे लागते. कोणत्या यंत्राने कोणाशी बोलायचे, हे स्विच नावाच्या पेट्यांना दर वेळी नव्याने सांगावे लागते. भौतिकशास्त्र शिकून मी या कामात आले ती याच ओढीने. सतत बदलणारी व्यवस्थाही नियमांत बसवता येते, असे मला वाटे.

माझे वरिष्ठ पिपलानीच्या वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. तिथल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्या कारखान्यात आले. ऑफिसात 'सर', घरी 'काका'. ते शेडमध्ये उभ्या उभ्या लॅपटॉप उघडून बदल करत आणि विसरून जात. स्विचमधला बदल लगेच लागू होतो, पण तो जतन करण्यासाठी वेगळा आदेश द्यावा लागतो. नाहीतर वीज जाताच पेटी जुन्या स्थितीवर येते. तो आदेश सर देत नसत. बॅटरीमुळे स्विच कधी बंदच पडत नसत, म्हणून निभावून जात होते.

मला स्विचमध्ये फक्त वाचण्यापुरता प्रवेश होता. पासवर्ड एकट्या सरांकडे. मी एक प्रोग्रॅम लिहिला, जो रोज प्रत्येक स्विचच्या चालू स्थितीची प्रत ठेवी. जतन न केलेल्या बदलांचा ढीग मी सरांना दाखवला. "बेटा, हे पुस्तकात छान दिसतं," ते म्हणाले, आणि वर "करून टाकतो" असेही. नव्या शेडचे जाळे कोणाकडे द्यायचे, हे मालक दसऱ्याच्या आत ठरवणार होते. मी ते उघडपणे मागितले होते.

विश्वकर्मा जयंतीला यंत्रे थांबवून त्यांना हार घालतात. यंदा सरांनी स्विचचे कपाटही पुजायला घेतले आणि वर्षातून एकदा त्यांनाही विश्रांती हवी म्हणून ते बॅटरीसकट बंद करायला निघाले. सगळे जतन केले आहे ना, असे मी विचारले. हातातल्या कापराकडे बघतच त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात कोणतेही यंत्र दुसऱ्याला ओळखेना. स्विच कित्येक महिने मागे गेले होते. ते दुपारपर्यंत पूर्ववत झाले, कारण माझ्याकडे प्रती होत्या. एकेक ओळ मी सांगत गेले, सर टंकत गेले. पासवर्ड टाकताना मात्र त्यांनी दर वेळी मला पलीकडे बघायला लावले.

त्यानंतर मालकांच्या केबिनमध्ये त्यांनी शांतपणे सांगितले, की मुलीने हौसेने एक प्रोग्रॅम लावला होता, त्याने गडबड केली. ती आपण सावरून घेतली, असेही ते म्हणाले.

"माझा प्रोग्रॅम फक्त वाचतो," मी म्हटले. "बदल करण्याचा अधिकार तुम्ही मला कधी दिलाच नाहीत, सर. जतन न करता स्विच तुम्ही बंद केलेत."

मालकांनी घड्याळाकडे पाहिले. "आप दोनों तो घर के लोग हो, आपस में देख लो."

नवे शेड सरांना मिळाले. कारण सांगितले ते अनुभवाचे. नेमका कशाचा अनुभव, हे विचारायची संधी मला कोणी दिली नाही. घरी बाबांना सगळे सांगितले, तर ते म्हणाले की काका वयाने मोठे आहेत, चारचौघांत असे बोलायला नको होते. सर काय बोलले, याबद्दल बाबांना काहीच म्हणायचे नव्हते.

गेल्या आठवड्यात सर माझ्या टेबलाशी आले. "तो तुझा प्रोग्रॅम नव्या शेडलाही लावून दे बरं."

"लावते. पासवर्ड द्या आणि शेड माझ्या नावावर करा."

"अजून राग गेला नाही का गं?"

"नाही, सर."

रविवारी ते आमच्याकडे चहाला आले. मी कप पुढे केला तेव्हाही 'सर'च म्हटले. बाबांनी डोळे वटारले, ते मी पाहिले. नव्या शेडमधली यंत्रे एव्हाना दोनदा हलली आहेत. तिथे कसलीच प्रत नाही.