तोडे मोडून केलेली शिंगं

आमचे तात्या गलाईवाले. म्हणजे लोकांनी मोडीत काढलेलं सोनं-चांदी घ्यायचं, मुशीत वितळवायचं, मळ काढायचा आणि शुद्ध लगडी हातावर ठेवायची. आमच्या कवठे महांकाळ भागातली कितीतरी घरं याच धंद्यापायी देशभर पांगलेली. तात्यांनीही परमुलखात जन्म काढला आणि म्हातारपणी गावी परतले, पण खोड गेली नाही. घरात नवा चमचा आला तरी हा कितपत तापल्यावर वितळेल, याचाच विचार. हौस म्हणून दागिना घडवायचा असतो, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

आणि त्यांच्या पोटी मी! मोबाईलवर एका मंगोलियन बाईचं चांदीचं काम बघितलं आणि येडीच झाले. केसासारख्या दोन तारा पिळून दोरी करायची, ती चेपून तिच्या नाजूक वेलांट्या वळायच्या, चांदीच्या पत्र्यावर झाळून चिकटवायच्या, मग मधल्या खणांत रंगीत काचेची पूड भरून भाजायची, की झाला मीना. बाईंचा ऑनलाइन क्लास लावला. त्यांना माझं इंग्रजी कळेना, मला त्यांचं. हातवाऱ्यांवर शिकलो दोघी.

आईचं माहेर जतकडचं, मेंढरांच्या घरातलं. माझ्या कागदावरची नक्षी बघून ती म्हणाली, "आगं, हे तर एडक्याचं शिंग!" खरंच होतं. मंगोलियातली माणसंही मेंढरांमागं फिरणारी, नक्षी शिंगाचीच. मी खूश. तर म्हणते कशी, "पर चुकलंय. असं वळलं तर जनावराच्या डोळ्यात घुसंल की." झालं! सगळं चित्र फाडून पुन्हा काढलं.

चांदी मात्र आईची. पायातले तोडे. लग्नातले बाकीचे दागिने तात्यांच्या दुकानाच्या भांडवलात कधीच वितळून गेले होते, हे तेवढे राहिले होते. ते माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "आपल्या घरात आगीत गेलेला दागिना कवा दागिना म्हणून बाहेर आला न्हाई. एकदा तरी येऊ दे, बाय."

तात्यांनी तोडे वितळवून चांदी शुद्ध करून दिली. मी तारा ओढल्या, पिळल्या, वळल्या, झाळल्या. कानात लोंबणाऱ्या दोन शिंगांत निळी पूड भरली. राहिलं भाजणं. त्यासाठी मागवलेली विजेची भट्टी आमच्या गावच्या व्होल्टेजवर पापडसुद्धा भाजेना. गॅसची ज्योत धरावी तर मला अंदाज नाही, आणि काच वितळते त्याच्या जरासंच पुढं चांदीही वितळते. तात्या बाजूला चुळबुळ करत होते. "दे हिकडं. माजा जलम गेला जाळात."

मी आधी एका उरलेल्या तुकड्यावर करून बघायला लावलं. पूड तापली, चमकली. मी "बास!" म्हणाले. तात्या कुठले ऐकतात! तुकडा आक्रसला आणि त्याचा टपोरा थेंब झाला. आणि हा माणूस खुशीत मान वर करून म्हणतो, "बघ, कसं लोण्यावानी पाणी झालं!"

"वितळवायचं नव्हतं, तात्या!"

"मग जाळ कशाला लावायचा?"

उंबऱ्यातून आई कडाडली. "आवं, माजं तोडं हायती ती! लय झालं तुमचं पाणी करणं!"

आई तात्यांवर रोजच ओरडते, पण हे रोजचं ओरडणं नव्हतं. तात्यांनी चष्मा पुसला, जाळी सरळ केली, तिच्यावर पहिलं शिंग ठेवलं आणि मला म्हणाले, "आता तू काय बी बोलू नको."

खालून ज्योत लागली. पूड काळवंडली, मग खडबडीत झाली, मग हळूहळू सपाट होऊन ओली दिसायला लागली. तारांच्या कडेला चकाकी चढली. तात्यांनी आयुष्यभर वाट बघितली ती याच्या पुढच्या क्षणाची. मी ओठ दाताखाली धरला. आणि तात्यांनी ज्योत बाजूला घेतली.

दुसऱ्या शिंगालाही तसंच. मग गॅस बंद करून ते खाली बसले. "थांबायचं लय अवघड असतंय गं," म्हणाले.

गार झाल्यावर मीना निळाभोर निघाला. एका कडेला बुडबुडा आला होता, तो मी आईला दाखवला नाही. तिनं दोन्ही कानांत घातली आणि आरशापुढं मान हलवून बघितली. म्हातारी चक्क लाजली, आणि लाज लपवायला तात्यांवर घसरली. "काय वं, आता हे मोडलं तर किती येतील?"

हा प्रश्न तात्यांना किती बायकांनी विचारला असेल, देव जाणे. दागिना तळहातावर झेलायचा आणि जागच्या जागी आकडा सांगायचा, हीच त्यांची रीत. आईनं एक शिंग काढून त्यांच्या हातावर ठेवलं. तात्यांनी ते झेललं नाही. नुसतं उलटंपालटं करून बघत राहिले.

"न्हाई सांगता येत," म्हणाले, आणि परत तिच्या कानात घालायला लागले. कानाचं भोक काही त्यांना सापडेना.