चोविसावा वाटा

"आकडो मोडता काय, ता बघ आधी," असं म्हणत आमचे तांडेल पायाच्या अंगठ्याने ओल्या वाळूत रेघा ओढायचे. तुम्ही सकाळी किनाऱ्यावर मासे घ्यायला जात असाल, तर असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल.

तांडेल म्हणजे रापणीचे म्होरके. रापण हे लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या. दोरीला जेवढी माणसं, तेवढे मासळीचे वाटे. आमच्या वाडीच्या रापणीला चोवीस माणसं होती.

वाटपाचा त्यांचा नियम एकच. एकट्याने वाटायचं नाही. आधी टोपलीने मापून सारखे ढीग घालायचे, एकेका ढिगाशी एकेक वाटणारा बसवायचा आणि प्रत्येकाने आपल्या रेघेवर सारखेच वाटे मांडायचे. चोवीस म्हणजे चार रेघा, सहा-सहा वाटे.

"चोविसाक दोनान जाता, तिनान जाता, चारान जाता. गुणी आकडो!" ते म्हणत. शाळेत आपण ज्यांना मूळ संख्या म्हणतो, त्यांना ते हट्टी म्हणत.

एकदा पाच जण लग्नाला वैभववाडीला गेले. उरले एकोणीस.

"हट्टी आकडो! कोणाक तरी हाडा रे!" तांडेल ओरडले. फोटो काढत उभ्या असलेल्या एका पर्यटकाच्या हातात दोरी गेली. नंतर वाट्याचे बांगडे दोन्ही हातांत धरून तो बिचारा विचारत होता, "याचं मी लॉजवर काय करू?"

"खा मेल्या! तुझ्यामुळे आमचा भांडाण वाचला."

तीन वर्षांपूर्वी जाळं टाकताना होडी उलटली. चौघे पोहत आले. पाचवा तांडेलांचा मुलगा. तो दुसऱ्या दिवशी खडकांपाशी मिळाला.

त्यानंतर पहिल्यांदा रापण लागली, तेव्हा मी तिथेच होतो. तांडेलांनी नेहमीसारख्या चार रेघा ओढल्या.

दोरीवर त्यांच्या मागे उभा राहणारा बाबल हळूच म्हणाला, "तांडेलांनू, आता आमी तेवीस."

"तेवीस हट्टी. एकट्यान वाटूचा लागात. मगे सगळ्यांनी त्याच्याच हाताकडे बघूचा?"

वाटे चोवीस पडले. चोविसावा त्यांनी सुनेच्या टोपलीत ओतला. ती तो बाजारात नेऊन विकायची. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मुलाच्या जागी दुसरा गडी मिळाला नाही. वाडीतली पोरं पर्यटकांच्या होड्यांवर होती.

पुढे त्यांना दम लागू लागला. दोरी धरून चार पावलं मागे गेले की खोकत. मी म्हटलं, "आता बसा हो. सुनेच्या वाट्याला कोण नाही म्हणणार आहे?"

त्यांनी वाळूत दोनच रेघा ओढल्या.

"माका सोडून किती?"

"बावीस."

"बाविसाक दोनान जाता, भाऊ." त्यांनी तळव्याने रेघा पुसल्या. "म्हणान माका बसाक जमाचा नाय."

मग मला कळलं. ते दोरीला होते, तोवर आकडा तेवीस होता. आणि तेवीस होता, तोवर सुनेचा वाटा होता.

गेल्या पावसाळ्यात ते गेले.

पावसाळा संपल्यावर पहिली रापण ओढली. बांगडा भरपूर होता. सून टोपली घेऊन नेहमीच्या जागी उभी होती. बाबलने अंगठ्याने दोन रेघा ओढल्या. दोघे वाटायला बसले, अकरा-अकरा.

"आणि तिचो रे?" कोणीतरी विचारलं.

बाबलने मान वर केली नाही. "तिचो घातलो तर तेवीस होतत. एकट्यान वाटूचा लागात. तांडेलांचोच नियम मां तो?"

मी आयुष्यभर आकडेमोड करणारा माणूस. बाबलच्या हिशेबात कुठे चूक आहे का, ते मी तिथे उभा राहून पाहिलं. नव्हती.

वाटे उचलले गेले. सून बराच वेळ तिथेच होती. जिथे तिसरी रेघ यायची, त्या कोऱ्या वाळूवर तिने टोपली उपडी ठेवली आणि तिच्यावर बसून राहिली.