एल्सीची माळ्यावरची वाट

लीड्समधल्या त्या लाल विटांच्या ओळीतल्या घरांना परसदार नाही. मागच्या ओळीची पाठ यांच्या पाठीला चिकटलेली, म्हणून घराला दार एकच. व्हिक्टोरिया राणीच्या काळची ही ओळ आता वारसा म्हणून सरकारी यादीत आहे. दाराची मूठ बदलायची तरी परवानगी लागते. एल्सी रॅम्सडेन इथेच जन्मली, इथेच नांदली, इथेच विधवा झाली आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी इथूनच पुन्हा नवरी होऊन निघणार होती. नवरदेव ओळीच्या टोकाला राहणारा क्लिफर्ड, तिचा बालमित्र, जन्माचा ब्रह्मचारी.

पण निघणार कशी? आदल्या संध्याकाळी क्लिफर्डने हौसेने तिच्या दाराखिडक्यांना हिरवा रंग फासला होता, चांगला जाडजूड. करायला गेला एक आणि झालं भलतंच! सकाळी सगळं चिकटून घट्ट बंद. नोंदणी कचेरीतलं लग्न सकाळी अकरा वाजता, वेळ चुकली की पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी. एल्सीला रडूच फुटलं. या वयात दोन महिने म्हणजे काय थोडे?

"खिडकी फोडू का गं?" शेजारीण मॉरीन दारातल्या टपालाच्या फटीतून ओरडली.

"खबरदार! जुनी काच आहे ती. अशी आता मिळते का कुठे?" एल्सी म्हणाली आणि एकदम हसायलाच लागली. "अगं, माळा!"

घरं बांधणाऱ्या कंत्राटदाराने विटा वाचवल्या होत्या, देव त्याचं भलं करो. छपराखाली घराघरांमध्ये भिंतच नव्हती. लहानपणी एल्सी याच वाटेने क्लिफर्डकडे टॉफी खायला जायची. तिने झगा कमरेला खोचला, हॅट दातांत धरली आणि निघाली रांगत, जळमटांसकट.

इकडे मॉरीन क्लिफर्डच्या घरात घुसली. "भिंतीकडे तोंड कर, मेल्या! लग्नाआधी नवरी बघायची नसते. केलास तेवढा पराक्रम पुरे."

क्लिफर्ड मुकाट वळला. एल्सीने त्याच्या माळ्याची झडप उचलली. खाली शिडी उभी होती, तीच जुनी, लाकडी. तिच्यावर तो मोजे वाळत घालायचा, आणि सगळी गल्ली त्याला हसायची.

"ही अजून इथंच?" उतरता उतरता तिने विचारलं.

"काढलीच नाही कधी," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, आलीस कधी तर..."

एल्सीचा पाय पायरीवरच थांबला. डोळे भरून आले.

"अरे शहाण्या, तोंड नव्हतं का तुला? तेव्हाच बोलला असतास तर दारानं आले असते की!" तिने नाक पुसलं. "आता तसाच पुढं हो. वळून बघू नकोस. मी येतेच आहे मागून."