मंडळाची फिरती सभा

नाव तरुण मंडळ, पण आम्हा सात विश्वस्तांत पन्नाशीच्या आतलं कुणी नाही. गावातली मुलं व्यायामशाळेत घाम गाळतात, मुली मैदानावर कबड्डी खेळतात, आणि व्यायामशाळेचा नळ गळायला लागला की फोन मला येतो. अठरा वर्षं मी चिटणीस आहे. पगार नाही. मान म्हणाल, तर दहीहंडीला हातात एक नारळ देतात.

आमची सभा भरत नाही, फिरते. ठराव मी घरी लिहायचा, खाली 'सर्वानुमते मंजूर' असंही मीच लिहायचं, आणि वही स्कूटरच्या डिकीत टाकून सह्या गोळा करत हिंडायचं. एकाचं दुकान धामणकर नाक्यावर, एक दापोड्याच्या गोदामात, एक कोन गावात मुलीकडे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "कुठं करू?" मी बोट ठेवायचो, ते सही ठोकायचे. याला आम्ही एकमेकांवरचा विश्वास म्हणायचो.

गेल्या महिन्यात माझी कंबर धरली आणि डोकंही फिरलं. घरी बसून ठराव लिहिला: 'चिटणिसांचा राजीनामा मंजूर करण्यात येत असून त्यांच्या जागी' – इथे नावापुरती जागा कोरी सोडली – 'यांची नेमणूक करण्यात येत आहे.' म्हटलं, वाचतील, अडवतील. निदान खुर्ची देऊन विचारतील तरी, काय झालं म्हणून.

पाच जणांनी सह्या केल्या. अध्यक्षांनी तर फोनवर बोलता बोलता केली, "हो गया ना?" म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण नाक्यावरच्या गर्दीत स्कूटर रेटताना मला रडू येत होतं, ते का लपवू?

शेवटचं घर काकींचं. त्यांचे यजमान विश्वस्त होते. ते गेल्यावर जागा भरायची म्हणून आम्ही काकींना घेतलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागल्या.

"काकी, नेहमीचंच आहे. इथे सही करा."

"थांब रं. दर टायमाला तुजी घाई. मना कदी वाचूच दिलं न्हाय तू."

राजीनाम्यापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मान वर केली.

"दमलास काय?"

"हो," म्हणालो.

त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, कोऱ्या जागेत सावकाश स्वतःचं नाव लिहिलं आणि मग खाली सही केली.

मी घाबरलोच. "काकी, तुम्हाला ओटीवरून खाली उतरवत नाही. सह्यांसाठी दारोदार कोण फिरणार?"

"फिराचा कशाला? मना चालता येत न्हाय, पन त्यांना पाय हायत ना? रविवारी सगल्यांना हितं बोलाव. बसतील, वाचतील, मंग सही करतील."

वही त्यांनी मांडीवरच ठेवून घेतली. मी मोकळ्या हाताने बाहेर पडलो. अठरा वर्षांत मी एकालाही 'सभेला या' म्हटलं नव्हतं.