बुर्गल आणि बाबांचे नवे बूट

माझ्या नणंदेचं नाव नोटबुर्गा. एवढं लांब नाव फक्त पाद्री घेतात, गावाला ती बुर्गल. आमच्या स्कीच्या दुकानात वरच्या मजल्यावर मी गिऱ्हाइकांशी गोड बोलते आणि खाली तळघरात बुर्गल त्यांच्याशी खरं बोलते. बुटाला स्कीवर धरून ठेवणारं बाइंडिंग बसवणं, तपासणं, हे तिचं काम. धरून ठेवणं सोपं असतं. माणूस पडला की बूट वेळेवर सुटला पाहिजे, नाहीतर स्की वळते आणि तिच्याबरोबर पायही वळतो.

पाहुणे हे निमूट ऐकतात. आमचे गाववाले कसले ऐकतात! आमच्याकडे स्की सुटणं म्हणजे नामुष्की. गावच्या शर्यतीत ज्याची स्की सुटेल त्याच्या गळ्यात संध्याकाळी खानावळीत गाईची घंटा बांधतात आणि वर्षभर त्याची टर उडवतात. म्हणून इथला प्रत्येक पुरुष घरी बसून गुपचूप स्क्रू आवळतो. मग बुर्गल त्याला चार शब्द सुनावून तो पुन्हा सैल करते. तिच्याशी लग्न करायला कुणी धजावलं नाही, त्याचं कारण हेच असं माझा नवरा अर्नो म्हणतो. मला विचाराल तर गावातल्या पुरुषांचंच नशीब खोटं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात होता. आमचे सासरे, सेवेरिन, पंचाहत्तरी ओलांडलेले, एके काळचे शर्यतवीर. त्यांनी आपल्या स्कीला मुलीला कधी हात लावू दिला नाही. या हिवाळ्यात गावच्या स्की-मंडळाने त्यांना नवे बूट भेट दिले. बर्फावर चालताना घसरू नये म्हणून जाड रबरी तळव्याचे. शर्यतीची मानाची पहिली उतरण त्यांनी करायची असं ठरलं होतं. शर्यतीच्या सकाळी ते नवे बूट घालूनच स्की न्यायला तळघरात आले.

"बाबा, या बुटांसाठी हे बाइंडिंग तपासलं का?" बुर्गलने विचारलं.

"त्यात काय तपासायचंय? पायाचं माप तेच, स्की त्याच."

"माप तेच असेल, तळवा तो नाही. चढवा पाय."

त्यांनी पाय चढवला. खट्ट आवाज झाला.

"आता पडल्यासारखा बाजूला पिळा. हळू."

त्यांनी पिळला. काहीच झालं नाही. मानेच्या शिरा टरारून फुगल्या तरी बूट जागचा हलेना.

"बघ! कशी पकड आहे!" ते म्हणाले. बाजारात आपल्या बैलाची तारीफ करावी तसे.

"पुरे! गुडघा जाईल!" बुर्गल ओरडली. तिने बुटाच्या पुढच्या टोकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती अर्धीच आत गेली, आणि ओढल्यावर फाटली. "रबर खाली घट्ट दाबून बसलंय. हे बाइंडिंग जुन्या कडक तळव्यासाठी आहे, यात हा बूट सरकायचाच नाही. आणि पकडीच्या ताणाचा आकडा एवढा वर कुणी नेऊन ठेवला?"

"मी. तुझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे."

"तेव्हाची हाडं आहेत का शिल्लक?"

मला हसू फुटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं.

"कॅसियनकाकांचं काय झालं ते विसरलात?" बुर्गल म्हणाली. कॅसियन त्यांच्याच वयाचा. गेल्या हिवाळ्यात त्याची स्की सुटली नाही, पायाचे तुकडे झाले. अजून तो शेगडीशेजारी बसून असतो आणि बायको त्याला उचलून ठेवते.

"कॅसियन पडतो. मी पडत नाही. हो बाजूला."

बुर्गल जिन्यात आडवी उभी राहिली. "नाही होणार."

"माझ्या दुकानात मलाच अडवतेस?"

"दुकान तुमचं, पाय तुमचा, पण उस्तवार आम्हीच करायची ना?"

आणि तिने त्यांच्या हातातल्या स्की ओढून घेतल्या, बाकावरच्या शिकंज्यात आवळल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या पकडीचे सगळे स्क्रू काढून टाकले. त्या घरात बाबांसमोर आजवर कुणी एवढी हिंमत केली नव्हती.

"झालं?" सासरे हळू आवाजात म्हणाले. "आता मी काय अनवाणी उतरू?"

"भाड्याच्या स्की घ्या. या तळव्याला चालणाऱ्या."

भाड्याच्या! टोकाला पिवळा नंबर चिकटवलेल्या, पाहुण्यांच्या! सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण बाहेर शर्यतीचा बँड वाजायला लागला होता.

"वजन किती? आकडा त्यावरच ठरतो," बुर्गल म्हणाली.

"ऐंशी."

"कालच तुमची विजार कमरेत आत घेतली मी," मी म्हटलं. आता मलाही चेव आला होता.

बुर्गल त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. मागची पकड बुटाच्या लांबीला जुळवली, आकडा पार खाली आणला. कागदाची पट्टी अलगद निघाली. पाय पिळला तशी पुढची पकड बाजूला झाली, पुढे झुकले तशी मागची उघडली. सासरे वरून तिच्याकडे बघत राहिले. मग ते स्की खांद्यावर टाकून निघून गेले.

आवराआवर करताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. स्क्रूड्रायव्हरचा खिळा रिकामा होता.

बुर्गल पांढरीफटक पडली. "वर जाऊन आवळणार ते, वहिनी!"

आम्ही धावत सुटलो. पण डोंगरावर नेणारा दोरावरचा पाळणा त्यांना घेऊन केव्हाच वर गेला होता, आणि लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं जात होतं. आम्ही खाली, शेवटच्या वळणाशी उभ्या राहिलो. ते आले, आणि खरं सांगते, काय सुंदर आले! लोक टाळ्या वाजवत होते. बुर्गल मात्र नुसती त्यांच्या पायांकडे बघत होती.

शेवटच्या वळणावर बर्फ काचेसारखा कडक झाला होता. स्कीची कड अडकली आणि ते कोसळले. शरीर एकीकडे, स्की दुसरीकडे वळायला लागली. बुर्गलने माझं मनगट असं धरलं की अजून दुखतं.

"सूट गं बाई," ती पुटपुटत होती, "सूट, सूट!"

सुटली. पिवळा नंबर हवेत गरगरला आणि ती स्की कुंपणाशी जाऊन पडली. दुसरीही सुटली. सगळ्या गावात हसण्याचा एकच लोट उठला. त्यात सासरे उठून उभे राहिले आणि तरातरा चालत आमच्याकडे आले.

"घालवलीस अब्रू! सगळ्या गावासमोर!"

"घाला शिव्या, बाबा." बुर्गलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चालत येऊन घालताय ना, बास."

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात आपटला.

"का नाही फिरवला मग?" तिने विचारलं.

"फिरवणार होतो." त्यांनी टोपी झटकली, बर्फ नसलेल्या बाजूने. "पण सकाळी माझ्या पायाशी बसली होतीस तेव्हा तुझे हात थरथरत होते. तुझे हात कधी थरथरत नाहीत."

मी तिथेच उभी होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.